मासे न खाणारे साकानाकाका

चांगला मासा कुठे मिळतो, हे तोक्योतल्या कोतोपासून पार शेजारच्या इचिकावापर्यंतची सगळी मराठी मंडळी ज्या एका माणसाला विचारायची, तो माणूस स्वतः मासे खात नव्हता. तुकडा सोडा, माशाच्या रश्शाचा थेंबसुद्धा त्यांना चालत नसे. तरी कोणाकडे पाहुणे आले, कोणाचा वाढदिवस निघाला, की फोन यांनाच. माझी मुलगी सई इथेच वाढलेली. जपानीत साकाना म्हणजे मासा, म्हणून तिने त्यांना साकानाकाका करून टाकलं आणि मग ते सगळ्यांचेच साकानाकाका झाले.

मूळचे देवगडकडचे. मुंबईच्या एका व्यापारी कंपनीने तीन वर्षांसाठी इकडे पाठवलं, कंपनी मुदत वाढवत गेली आणि तिनाची नऊ वर्षं झाली. इचिकावात ते आणि कुमुदकाकू, दोघंच. मी पुण्याची. मासा ही मत्स्यालयात काचेमागे बघायची वस्तू, अशा घरात वाढले. मला मासे खायला शिकवलं ते या न खाणाऱ्या माणसाने. याचं मला अजूनही नवल वाटतं.

त्यांची पारखायची रीत अशी, की हॉटेलच्या पुढच्या दाराकडे ढुंकून बघायचं नाही. सकाळी ऑफिसच्या आधी सायकल काढायची आणि गल्लीच्या मागच्या अंगाला जायचं. तिथे थर्माकोलची रिकामी खोकी रचलेली असतात आणि कावळ्यांनी उचकटू नयेत म्हणून कचऱ्याच्या पिशव्या जाळीखाली ठेवलेल्या असतात. काका गुडघ्यावर हात ठेवून वाकायचे आणि त्या जाळीतून बघायचे. "ज्याच्या कचऱ्यात मुंडकी दिसली, त्याच्याकडे जायचं नाही," ते सांगायचे. "मुंडक्याचा रस्सा करायचं सोडून फेकून देतो मेला! त्याला मासा काय कळणार?" फोनवर हॉटेलांना दिलेल्या ताऱ्या-बिऱ्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

एकदा कोतोतल्या एका छोट्या खाणावळीच्या मालकीणबाईंनी त्यांना असं वाकलेलं पकडलं. बाई सत्तरीच्या. त्यांना वाटलं, कचरा तपासायला नगरपालिकेचा माणूस आलाय. बिचाऱ्या पिशव्या नीट वेगळ्या केल्याचं घाईघाईने दाखवायला लागल्या. काकांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाले, "मुंडकी नाहीत. उत्तम!" बाई आधी चक्रावल्या, मग पदराशिवायही तोंडाला पदर लावल्यासारख्या हसल्या. त्या दिवसापासून दर रविवारी दुपारी काका-काकूंची तिथली जागा ठरून गेली.

आम्हीही बरेचदा सोबत असायचो. तिथला तिसऱ्यांचा, म्हणजे शिंपल्यांचा भात, काय सांगू! वाफाळत्या भातावर टपोऱ्या तिसऱ्या, वर कांद्याची पात. आणि कोळशावर भाजलेला बांगडा, आपल्या बांगड्याचा थोरला भाऊ शोभेल असा. काकांपुढे मात्र कोरा भात, खारवलेलं एक आंबट फळ आणि काकडीच्या चार चकत्या. इथलं सूपही त्यांना चालायचं नाही, कारण जपानात साध्या सुपाचं पाणीसुद्धा सुकवलेल्या माशाचं. मालकीणबाईंनी हे पहिल्याच दिवशी समजून घेतलं आणि पुढे कधी कारण विचारलं नाही.

भात कालवायच्या आधी काका काकूंची ताटली पुढे ओढायचे. काकूंचा उजवा हात अधू होता, काटे काढणं जमायचं नाही. काका चॉपस्टिक बांगड्याच्या पाठीवरून हलकेच फिरवायचे, शेपटीपाशी धरायचे आणि मधला काटा एका ओढीत अख्खा बाहेर! मग बारीक काटे एकेक करून. सगळा मासा साफ झाला की ताटली काकूंपुढे. त्यानंतरच स्वतःच्या कोऱ्या भाताला हात. नाकाखाली तो खमंग वास घेत हा माणूस शांतपणे काकडी खायचा. मी तर थक्क होऊन बघत राहायची.

पहिला घास आमच्या तोंडात गेला की त्यांचा प्रश्न यायचा, "कसं लागलं ते सांग. नीट सांग." मस्त, छान, असल्या उत्तरांनी त्यांचं समाधान व्हायचं नाही. "मस्त काय? पिक्चर आहे का तो? गोडूस लागला का? कातडी कुरकुरीत आहे का?" सई तर या परीक्षेत पहिली यायची. काकू मात्र रविवारच्या रविवारी एकच उत्तर द्यायच्या. मान न उचलता, "बरं आहे."

"बघ," काका मला म्हणायचे, "अख्ख्या तोक्योत शोधून इथे आणली, तर म्हणे बरं आहे! हिच्या जिभेला देवगडशिवाय काही लागतच नाही." आणि मग रविवार सोडून एखाद्या दिवशी तिला न्यायला म्हणून सायकल घेऊन नव्या गल्ल्या धुंडाळायचे. तिच्या तोंडून एकदा तरी 'वा' निघावं, एवढ्यासाठी. आम्ही सगळे ज्या हॉटेलांत त्यांना विचारून जायचो, ती सगळी अशीच सापडलेली.

ते मासे का खात नाहीत, हे मी कधी विचारलं नव्हतं. माळकरी असतील असं धरून चालले होते. मग एकदा त्यांना घरी जेवायला बोलावलं आणि खास शाकाहारी म्हणून गार सोबा नूडल्स केल्या. सोबतचा सॉस बाटलीतला. बाटलीवर चित्र नुसत्या नूडल्सचं, तेव्हा म्हटलं, झालं काम. अक्षरं वाचायचे कष्ट घेतले नाहीत, शहाणीने!

काकांनी पहिला घास तोंडात घेतला आणि थांबले. चेहरा पांढराफटक. उठले, बेसिनपाशी जाऊन चूळ भरली, परत आले. सॉसातही सुकवलेला मासा होता, हे मला तेव्हा कळलं. मला वाटलं, आता मला बोलतील. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. काकूंना म्हणाले, "कुमुद, हात हलव."

काकूंनी उजवा हात टेबलावर ठेवला आणि पाचही बोटं एकेक करून उचलली. "हलतोय हो. बघा. हलतोय."

मग काकूंनीच मला सगळं सांगितलं. मुंबईला असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. डॉक्टरांनी आशा सोडली होती. काका हॉस्पिटलच्या जिन्यात उभे राहिले, गावच्या रवळनाथाला हात जोडले आणि म्हणाले, हिला उठव, मी मासे सोडले. देवगडच्या माणसाने याहून मोठं काय द्यायचं? काकू उठल्या. आणि वर्षभरात कंपनीने या माणसाला पाठवलं कुठे, तर जपानला. "मी कधी सांगितलं होतं सोडायला?" काकू म्हणाल्या. काका सईच्या ताटातल्या सोबा मोजल्यासारखं खाली बघत बसले होते. मला रडू आवरेना. त्यांनीच मग माझ्याकडे ताक मागितलं आणि विषय बदलला.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. यावेळी हृदयाचं दुखणं होतं, तीन आठवडे इस्पितळात होत्या. एका दुपारी काका औषधं आणायला गेले असताना त्यांनी माझा हात धरला. "मी गेले की यांना मासे खायला घाल. गावी गेल्यावर कुणाचं ऐकायचे नाहीत. त्यांना म्हणावं, सोडायला मी सांगितलं नव्हतं, पण आता खायला मी सांगतेय."

नंतर कितीतरी दिवस मला काकांच्या समोर जायचं धैर्य होईना. माझ्या त्या बाटलीतल्या सॉसने तर नवस मोडला नसेल? शेवटी एकदा बोलून टाकलं. काका चिडलेच. "वेडी आहेस का तू? त्या घासाची माफी मी रवळनाथाकडे त्याच दिवशी मागितलीय. आणि त्यानंतर दोन वर्षं दिली त्याने. तुझं नाव घेऊ नकोस यात." पण मासे खायचं म्हटलं की मान हलवायचे. "आता काय करायचंय? जिला विचारायचं, कसं लागलं, ती नाही."

कायमचं गावी परत जायच्या आधीच्या रविवारी ते मालकीणबाईंचा निरोप घ्यायला निघाले, मीही गेले. बाईंनी काकांपुढे नेहमीचा कोरा भात ठेवला, मला तिसऱ्यांचा भात दिला. आणि काकूंच्या रिकाम्या जागेपुढे भाजलेला बांगडा ठेवला. जो जवळ नाही, त्याचंही पान मांडायची इथे जुनी पद्धत आहे.

काकांनी बराच वेळ त्या ताटलीकडे बघितलं. मग सवयीने ती पुढे ओढली. मधला काटा एका ओढीत बाहेर. बारीक काटे एकेक करून. सगळं साफ झाल्यावर ताटली पुन्हा रिकाम्या जागेकडे सरकवली आणि त्यांचा हात तिथेच राहिला.

मी ती ताटली उचलली आणि त्यांच्यापुढे ठेवली. काकूंचा निरोप शब्दन्शब्द सांगितला.

"रवळनाथाला काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"जिच्यासाठी सोडले, तिनेच खायला सांगितलंय म्हणून सांगा."

त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मग एक तुकडा तोंडात घातला. मी म्हटलं, "कसं लागलं ते सांगा. नीट सांगा. मस्त चालणार नाही."

ते चावत राहिले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पुसलंही नाही त्यांनी. "अगं," ते म्हणाले, "हे इतकं चांगलं होतं? आणि ती नऊ वर्षं नुसतं बरं आहे म्हणायची?"

मालकीणबाई पाण्याचा पेला धरून घाबरून उभ्या होत्या. बांगड्याला काही झालं का, विचारत होत्या. मी त्यांना जपानीत समजावलं, की काही नाही, यांच्या पत्नी नेहमी फक्त ठीक आहे म्हणायच्या.

बाईंनी जोरजोरात मान हलवली. "छे, छे! हे बाहेर जाऊन त्यांचे बूट सरळ करून ठेवायचे ना, तेवढ्यात त्या माझ्याजवळ वाकायच्या आणि हळूच म्हणायच्या, ओइशी, ओइशी. दर रविवारी. आणि तोंडावर बोट ठेवायच्या, यांना सांगू नका म्हणून."

ओइशी, म्हणजे फार छान लागलं. हे काकांना सांगायला मी तोंड उघडलं, पण त्यांना तेवढं जपानी येत होतं.

"मला खावंसं वाटू नये म्हणून," ते म्हणाले. "माझा नवस मोडू नये म्हणून गं." मग ताटली जवळ ओढून त्यांनी सगळा बांगडा संपवला, अगदी कातडीसकट. चॉपस्टिक खाली ठेवल्या, उभे राहिले, मालकीणबाईंपुढे कमरेत वाकले आणि सगळ्या खाणावळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "ओइशी!"