चांगलं दुखणं

"थांब गं बाय, हे कशासाटी ते आदी सांग," असं म्हणून ती पाय आखडता घ्यायची. भिसेगावातल्या त्या फिजिओथेरपी केंद्रात व्यायाम करून घेणारी मुलगी सांगेल ते आम्ही मुकाट्याने करत असू. हिला मात्र आधी कारण लागायचं.

ती कशेळ्याच्या वरच्या एका वाडीतली. मोळी घेऊन उतरताना घसरली आणि गुडघ्याची वाटी फुटली. हाड जुळलं, पण पाय ताठच राहिला. मी निवृत्त मुख्याध्यापिका, गुडघा बदललेली. महिनाअखेर तो काटकोनाच्या पुढे वाकला नाही, तर पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या भुलीची मला फार धास्ती होती. तरीही घरी मी काही करत नसे. केंद्रात शेक घ्यायचा, यंत्र लावून पडून राहायचं, पुढचं त्या मुलीने बघावं. "घरी केले का व्यायाम?" असं तिने विचारलं की मी बेधडक "हो" म्हणायची. शाळेत असं "हो" मी कुणाचं खपवून घेतलं नसतं.

एकदा या वाडीतल्या बाईने मुलीला विचारलं, "बाय, दुखतंय खरं, पन हे चांगलं दुखतंय का वाईट?"

मुलीचा चेहरा असा खुलला म्हणता! तिच्याजवळ बसून तिने नीट समजावलं. थोडं ठणकून रात्रीत निवळलं तर चालेल. सकाळी सूज दिसली तर व्यायाम कमी करायचा आणि येऊन सांगायचं. माझ्याशी ती इतकं कधी बोलली नव्हती. माझा अगदी जळफळाट झाला. जन्मभर पोरांना प्रश्न विचारायला शिकवलं मी, आणि शाबासकी हिला!

"घरी कसं करता?" मुलीने विचारलं.

"भुईवर. टाच मागं सरकवायची, पोचंल तितं कोळशाची रेघ. सारवताना तेवढी जागा सोडते. सासू बोलते, बोलंना का. पाय माझा हाय."

घरी जाऊन मीही खडू घेतला. पण रोज बोटभर सरकणारी रेघ मला कुठली पुरायला! केंद्रात तिची टाच येते तिथेच मी आधी रेघ मारली आणि मग ओठ चावून पाय ओढत तिथवर नेला. दोन दिवसांत गुडघा टम्म सुजला.

बुधवारी केंद्रात मी तो पदराखाली झाकून बसले. नेमकं तिनेच पाहिलं.

"बाई, सुजलाय की. सांगा तिला."

"काही नाही, असंच."

"तुमी नाय सांगितलं तर तिला कसं कळंल?" हे तिने हळूच विचारलं. चहाडी केली नाही, म्हणून मला तिचा जास्तच राग आला.

शेवटी मी मुलीला सांगितलं, आजवरच्या थापांसकट. मुलगी रागावली नाही. तिने व्यायाम निम्मे केले आणि घरी काय करायचं ते लिहून दिलं. त्या दिवसापासून मी खरोखर करू लागले. स्वतःच्या रेघेवर, पण डोळा हिच्या पायावर.

महिना संपत आला आणि एके दिवशी ती उकिडवी बसली, कशाचाही आधार न घेता उठली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या.

निघायच्या वेळी मी चपलेचा पट्टा लावून द्यायला सुनेची वाट बघत खाटेवर बसले होते. ती आली, माझ्यापुढे उकिडवी बसली आणि पट्ट्याला हात घातला. तिचं ते सहज बसणं मला बघवेना.

"राहू दे. माझं मी लावते."

तिने हात काढला, पण उठली नाही. बाहेर कशेळ्याची जीप हॉर्न वाजवत होती. मी पाय आत ओढला, वाकले, बोटं पोचेनात. ती नुसती बघत राहिली. चौथ्या खेपेला पट्टा बसला.

"झालं की," ती म्हणाली.

ते पाहून मुलगी धावतच कोन मोजायची पट्टी घेऊन आली. गुडघा काटकोनाच्या चांगला पुढे गेला होता. भुलीचं संकट टळलं. मी मान वर केली तेव्हा समोर कुणी नव्हतं. खिडकीतून दिसलं, जीप निघून गेली होती आणि ती रस्त्याच्या कडेला पुढच्या जीपची वाट बघत उभी होती. तिचा पाय बरा झाला होता; त्यानंतर ती केंद्रात आली नाही. मी तिला साधं "बरं झालं हो" एवढंसुद्धा म्हणाले नव्हते.