वाळीत टाकलेलं शहर

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ज्या बंदराच्या गावात आम्ही नऊ वर्षं काढली, तिथे नदीच्या धक्क्याजवळ जर्मन व्यापाऱ्यांची एक जुनी वखार आहे. खाली विटा, वर काळं पडलेलं लाकूड, आणि सगळी इमारत पाचशे वर्षांत एका अंगाला कललेली. दोन हजार तीन साली मी तिथे गाईड म्हणून जायला लागले. पगार नव्हता. आठवड्यातून दोन दुपारी जायचं, गळ्यात बिल्ला अडकवायचा आणि आलेल्या पेन्शनरांना तासभर हिंडवायचं. साताऱ्याच्या कॉलेजात मी इतिहास शिकवत असे, ते लग्नानंतर सुटलं होतं. नवरा गावातल्या हॉस्पिटलात भूल द्यायचा. "मी झोपवतो, तू जागं ठेव," असं तो म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

वखार हान्सावाल्यांची. हान्सा म्हणजे ल्यूबेक, हॅम्बुर्ग अशा उत्तरेकडच्या व्यापारी शहरांची एकजूट. मेण, फर, डांबर, सुकवलेला मासा घेऊन त्यांची गलबतं इकडे यायची आणि लोकर, कापड घेऊन परत जायची. मला या लोकांची फार गंमत वाटायची. राजा नाही, कायमचं सैन्य नाही, स्थापनेचा कागदसुद्धा नाही. इंग्लंडवाल्यांनी विचारलं की तुमच्यात नेमकी शहरं किती, यादी द्या, तर यांनी यादी दिलीच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. अधूनमधून बैठक बोलवायचे आणि निम्मी शहरं काहीतरी कारण काढून दांडी मारायची. हे सांगताना मला दर वेळी आमच्या बायका आठवायच्या.

कारण आमचाही एक हान्साच होता. केंब्रिजपासून खाडीपर्यंत पाच गावांत मिळून मराठी डॉक्टरांची नऊ घरं. मंडळाला नाव नव्हतं, अध्यक्ष नव्हता. जो लंडनला जाईल त्याने सगळ्यांसाठी साबुदाणा, भाजणी, कढीपत्ता आणायचा. एकीच्या ग्रीनहाऊसमध्ये अळू होतं. एकीकडे चकलीचा सोऱ्या होता, तो दिवाळीत पाचही गावं फिरून यायचा. परीक्षेला भारतातून आलेला नवा डॉक्टर कुणाच्या बॉक्सरूममध्ये, म्हणजे अडगळीच्या खोलीत, किती आठवडे राहील हे फोनवर ठरायचं, आणि कुठल्या हॉस्पिटलात जागा निघतेय ही बातमीसुद्धा आधी आमच्या स्वयंपाकघरांत पोचायची. सगळ्यांच्या वर होत्या काकू, तीस वर्षांपूर्वी इथे आलेल्या एका सर्जनच्या पत्नी. त्यांनी "बघू हं" म्हटलं की ते काम होत नाही, हे सगळ्यांना पाठ होतं.

माझी मैत्रीण या मंडळात सगळ्यात शेवटी आली. नागपूरची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला ताई म्हणायची. तिचा नवरा रोज चाळीस मैल गाडी हाणून दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात जायचा, पण भाडं स्वस्त म्हणून त्यांनी घर आमच्या पलीकडच्या गल्लीत घेतलं होतं. फोन न करता, पायात चपला आणि हातात झाकलेली वाटी अशी घरी येणारी या देशात मला ती एकटीच भेटली. "काय करून राहिली ताई?" असं गेटपासूनच ओरडायची आणि समोरची म्हातारी पडदा सरकवून बघायची. वखारीतलं माझं भाषण मी पहिल्यांदा तिच्याच स्वयंपाकघरात म्हणून दाखवलं. ती पोळ्या लाटत ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "हे बोअर आहे, काढा." ती असताना मला इथे घरी असल्यासारखं वाटायचं. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात तिला पाचवा महिना होता. आईचा व्हिसा नाकारला गेला होता, सासू आजारी. म्हणून डोहाळजेवण माझ्या घरी करायचं असं मीच जाहीर केलं. हिरवी साडी माझी, फुलांची वाडी ग्रीनहाऊसवालीने करायची, आणि झोपाळा नाही तर बागेतल्या खुर्चीलाच वेली बांधायच्या. तिने डोहाळ्यांची यादीसुद्धा दिली होती. त्यात चिंचेचा कोळ होता, आणि का कोण जाणे, रेल्वे स्टेशनवरचे बटाटेवडे.

त्याच महिन्यात ते प्रकरण झालं. तिचा नवरा ज्या सर्जनच्या हाताखाली होता (काकूंचे यजमान नव्हेत, दुसरे) त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. आमच्यातल्या निम्म्या नवऱ्यांच्या नोकरीसाठी त्यांनी कधी ना कधी शब्द टाकला होता. एका ऑपरेशनमध्ये दादांची चूक झाली. पेशंट वाचला, पण त्याला पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं आणि चौकशी बसली. तिच्या नवऱ्याला विचारलं तेव्हा त्याने जे झालं ते सांगितलं. स्कॅन मी दाखवला होता, सरांनी बघितला नाही, एवढंच. दादांना चार महिने घरी बसावं लागलं.

काकूंचा फोन आला. "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, एवढंही कळत नाही का त्या पोराला? गोऱ्यांसमोर आपल्या माणसाला उघडं पाडलं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आपण काही वाईट बोलायचं नाही हं. भांडायचं नाही. फक्त बोलवायचं नाही."

मी म्हटलं, "हो काकू."

माझ्या नवऱ्याची कन्सल्टंटची, म्हणजे कायम वरिष्ठ डॉक्टरची, जागा त्या वर्षी ठरायची होती आणि काकूंच्या घरातल्या शब्दाला वजन होतं. हे कारण मी स्वतःला बरेच दिवस देत राहिले. खरं कारण त्याहून साधं होतं. मला काकूंची भीती वाटायची आणि नऊ घरांतून बाहेर पडायची त्याहून जास्त.

डोहाळजेवणाचा विषय मी बंद केला. ती वाटी घेऊन आली तेव्हा डोकं दुखतंय म्हटलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा आली. बेल वाजली आणि मी जिन्यात उभी राहिले, तिच्या चपलांचा आवाज गेटपर्यंत जाईतो. चाळिशीला आलेली बाई, स्वतःच्या घरात लपून! त्यानंतर ती आली नाही. दुकानात दिसली तर मी दुसऱ्या रांगेत शिरायचे. बाकीच्या घरांनी काय केलं ते मला माहीत आहे, कारण सगळ्यांनी तेच केलं.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी मी वखारीत माणसं मोजत होते. सहा पेन्शनर आणि मागे ती. तिकीट काढून आली होती. आठवा महिना सरत आलेला, कोटाची बटणं लागत नव्हती. मी तिच्याकडे बघितलं, न बघितल्यासारखं केलं आणि इंग्रजीत सुरू झाले.

वरच्या मजल्यावर मी नेहमी हान्साच्या शिक्षेबद्दल सांगायचे. त्यांच्याकडे सैन्य नसलं तरी एक हत्यार होतं. एखादं शहर ठरलेलं मोडून वागलं तर बाकीची शहरं त्याला बाहेर काढत. त्याच्या व्यापाऱ्यांशी कुणी सौदा करायचा नाही, त्यांचा माल गलबतात घ्यायचा नाही, परदेशातल्या वखारींतही त्यांना थारा द्यायचा नाही. इंग्रजीत समजवायला मला चार वाक्यं लागत. आपल्याकडे वाळीत टाकणं म्हटलं की झालं. त्या दिवशी मी तो भाग गाळला आणि थेट मेणाच्या भावावर गेले.

तिने हात वर केला. इंग्रजीतच विचारलं, "नियम मोडणाऱ्या शहराचं ते काय करायचे?"

तिला माझं भाषण पाठ होतं. मी उत्तर दिलं, चारही वाक्यांत. एक आजोबा म्हणाले, फारच कडक होते हे लोक. ती पुढे म्हणाली, "मग परत घेत होते का?"

मी म्हटलं, हो, घेत होते. एक शहर काही वर्षांनी परत आलं. त्यांचे दोन महापौर आणि काही नागरिक अनवाणी, उघड्या डोक्याने, हातात मेणबत्त्या घेऊन ल्यूबेकच्या रस्त्यातून चालत गेले आणि सगळ्यांसमोर माफी मागितली.

"आणि ज्याची चूकच नव्हती अशा शहराने काय करायचं?"

"त्याची कुठे नोंद नाही," मी म्हटलं, गाईडच्या आवाजात. पेन्शनर हलकेच हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

गरोदर बाईला खुर्ची द्यावी असा आमच्याकडे लेखी नियम होता. मी खुर्ची आणून दिली. तेवढंच केलं मी तिच्यासाठी, आणि तेही नियम होता म्हणून.

टूर संपली. बाकीचे चहाला गेले. ती जिन्याच्या तोंडाशी थांबली होती. पायऱ्या अरुंद, झिजलेल्या. मराठीत म्हणाली, "ताई, उतरताना हात देता काय?"

मी हात दिला. तिचा हात गार पडला होता आणि तिने माझी बोटं घट्ट धरली होती. एकेक पायरी करत आम्ही खाली आलो. खाली आल्यावर तिने हात लगेच सोडला नाही. माझ्याकडे बघत उभी राहिली. चल घरी, वडे करते, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "थँक यू फॉर कमिंग."

ती हो म्हणाली आणि गेली.

पंधरवड्याने एका संध्याकाळी नवरा घरी आला आणि बराच वेळ बूट काढत बसला. म्हणाला, "मुलगी झाली तिला. सीझर करावं लागलं, भूल द्यायला मीच होतो. मला विचारलं तिने, ताई बाहेर आहे का." तू काय सांगितलंस, असं मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी अळिवाचे लाडू केले, डबा घेऊन त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. ते लाडू मीच खाल्ले, रोज एक, उभ्या उभ्या. वसंतात त्यांच्या दाराशी व्हॅन लागली. एडिनबराला नोकरी मिळाली, असं कुणीतरी म्हणालं.

माझ्या नवऱ्याला जागा मिळाली. काकूंच्या शब्दाची त्यात काहीच गरज पडली नव्हती, हे नंतर कळलं.

पाच वर्षांनी दादा रिटायर झाले. केंब्रिजला एका घरी सगळे जमलो होतो, श्रीखंड-पुरीचा बेत होता. दादा खुशीत होते. बोलता बोलता म्हणाले, "माझ्या हाताखालचा सगळ्यात सरळ पोरगा तो नागपूरकर. चूक माझी होती आणि त्याने तोंडावर सांगितली. एडिनबराला रेफरन्स मीच दिला त्याला. दर दिवाळीला फोन करतो मला."

मी पुरी खाली ठेवली. "दादा, मग तुम्ही कधी काही बोलला नाहीत?"

"कशाबद्दल? ती मंडळी येईनाशी झाली, मला वाटलं तुम्हा बायकांचं आपसात काही असेल. मला कुणी विचारलं का?"

समोर काकू बसल्या होत्या. "हो का?" म्हणाल्या आणि त्यांनी आणखी एक पुरी घेतली. दोन दिवस मी काकूंच्या नावाने बोटं मोडली. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की काकूंनी फक्त फोन केला होता. जिन्यात मी उभी होते.

दादांकडून नंबर घेतला. फोनवर ती म्हणाली, "या ना ताई, कधीही या." इतक्या सहज म्हणाली की मला रडू आलं. पीटरबरोहून ट्रेन धरून एडिनबराला गेले. सबंध रस्ता मी वाक्यं जुळवत होते, वर्गात जाण्याआधी जुळवायचे तशी.

तिने गोळाभात केला होता, कढी, कोशिंबीर, सगळं. अंगाने भरली होती, चेहरा तोच. मी पानावर बसायच्या आधीच बोलून टाकलं. "माझं चुकलं. तू दारात उभी होतीस आणि मी घरात होते. टूरच्या दिवशी मी तुला घरी न्यायला हवं होतं. मी भ्याले."

"जाऊ द्या ताई. किती वर्षं झाली," ती म्हणाली. खरंच राग नव्हता तिच्या आवाजात. मी तो शोधत होते. राग असता तर काहीतरी शिल्लक आहे असं वाटलं असतं.

मुलगी येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. पाचेक वर्षांची, आईसारख्याच भुवया. मी विचारलं, "शाळेत जातेस का गं?" तिने आईकडे बघितलं.

"हिला मराठी येत नाही?" मी म्हटलं. आपण बायका दुसऱ्यांच्या मुलांबद्दल विचारतो त्याच सुरात.

"कोणाशी बोलली असती ताई?" ती कढी ढवळत म्हणाली. "आईचा फोन रविवारी. आणि आम्ही दोघं तर पहिली दोन-तीन वर्षं घरात धड बोलतच नव्हतो. त्याला वाटे, त्याच्यामुळे मी एकटी पडली. मला वाटे, बोलली तर त्याला लागेल."

मी मान खाली घालून जेवत राहिले. मुलगी माझं निरीक्षण करत होती. मग तिने मोठ्याने विचारलं, "मम्मी, हू इज शी?"

तिचा पळीचा हात क्षणभर थांबला. आंटी म्हणेल, मावशी म्हणेल, असं मला वाटलं.

"शी यूज्ड टू लिव्ह नियर अस," ती म्हणाली, आणि मला आणखी थोडा भात वाढला.