मुक्याच्या वरच्या बारा पट्ट्या

…तर उबाल्दोने ते धूड मेजावर आदळलं, इथवर आलो होतो. आदळलं म्हणजे, त्याला ते अलगद ठेववलंच नाही. ऐंशीच्या घरातला माणूस, जिना उतरून भावाच्या तळघरात आलेला, धाप लागलेली. धाकटा भाऊ सेत्तिमिओ समोरच बसला होता. हातभार लावायला काही तो उठला नाही.

"जिनेव्राने पाठवलंय," उबाल्दो म्हणाला. जिनेव्रा म्हणजे त्याची नात. "चर्चच्या सभागृहातली अडगळ काढली, त्यात सापडलं. म्हटलं, भंगारात दे. ऐकते कुठे."

"बरं."

"ओळखलंस?"

न ओळखायला काय झालं? डाव्या कोपऱ्यावर सिगारेटचा जळका डाग होता, आणि ती सिगारेट सेत्तिमिओचीच होती. तो सिंथेसायझर त्याचा होता. नुसता त्याचा नव्हे, त्याने हाताने जुळवलेला.

आद्रियाटिक समुद्राकडे तोंड करून टेकडीवर बसलेलं ते गाव. घरटी एकजण तरी अकॉर्डियनच्या धंद्यात. उबाल्दो सूर लावणारा. अकॉर्डियनच्या पोटात सुरांच्या पोलादी जिभा असतात. त्या टोकाला किंचित खरवडल्या की सूर चढतो, मुळाशी खरवडल्या की उतरतो. उबाल्दो तीनदा खरवडायचा, कान लावायचा, पुन्हा तीनदा. गावाने त्याचं नाव ठेवलं 'कान'. सेत्तिमिओ मात्र नव्या कारखान्यात गेला. तिथे विजेच्या वाद्यांचे पट्टीफलक, म्हणजे कीबोर्ड, बनत. प्रत्येक पट्टीखाली केसासारखी बारीक तार, सोन्याचं पाणी दिलेली. पट्टी दाबली की तार खालच्या दांडीला टेकते आणि सूर निघतो. तारा बसवण्याच्या बाकावर सेत्तिमिओसारखा हात नव्हता म्हणे. हे तोच सांगायचा, आणि जरा जास्तच सांगायचा.

मग आली गावच्या संताची जत्रा. संध्याकाळी चौकात नाच, वाजवायला सेत्तिमिओ, त्याच सिंथेसायझरवर. त्या वर्षी प्रवासी जहाजावरच्या एका वाद्यवृंदाचा म्होरक्या मुद्दाम सेत्तिमिओला ऐकायला आलेला. पसंत पडलं तर पोराची जहाजावरची नोकरी पक्की. पहिले दोन वॉल्ट्झ झकास झाले. तिसऱ्यात एकट्याने वाजवायची जागा आली, उजवा हात वर गेला, आणि वरच्या पट्ट्या एकेक करून गप्प. बोटं पळताहेत आणि आवाज नाही. आधी लोकांना वाटलं गंमत करतोय. मग हशा पिकला. कारखान्याचा मुकादम पहिल्या रांगेतून ओरडला, "तारा तुझ्याच हातच्या ना रे, सेत्तिमिओ?"

जहाजवाल्याने कॉफीसुद्धा संपवली नाही. सोमवारी सेत्तिमिओला तारांच्या बाकावरून उठवून खोकी बांधायला बसवलं. आणि गावाने त्याचंही नाव ठेवलं. 'मुका'.

तिथे नाव ठेवलं की ते मेल्यावरही सुटत नाही. माणूस गेला की चौकातल्या भिंतीवर काळ्या काठाचा कागद चिकटवतात. वर खरं नाव, आणि खाली ठळक अक्षरात, 'ज्यांना अमुक म्हणत'. नाहीतर लोकांना कळतच नाही कोण गेलं. सेत्तिमिओची बायको इओले एकदा पास्त्यासाठी पोळीसारखं पातळ पीठ लाटता लाटता म्हणाली होती, "तुझ्या कागदावर काय छापतील ते दिसतंय मला." तो त्या दिवशी जेवला नाही.

कारखाना बुडाला. सेत्तिमिओ तळघरात बसून जुनी वाद्यं दुरुस्त करायला लागला. जर्मनीतून, इंग्लंडातून खोकी यायची. कॉफीच्या दुकानात पोरं म्हणायची, "मुक्याकडे द्या, बोलकं करून देतो." तोही हसायचा. हसत हसत त्याने म्हातारपण गाठलं. पण स्वतःचं वाद्य त्याने त्या जत्रेनंतर एकदाही उघडलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी चर्चच्या नाटकमंडळीला देऊन टाकलं. उघडून बघायचं तरी काय? स्वतःचा हात चुकलेला?

आता ते समोर होतं. त्याने वायर लावली.

"आज कशाला?" उबाल्दो म्हणाला. "सावकाश बघ. नाहीतर राहूच दे, पोरीला सांगतो दुरुस्त होत नाही."

"घाई आहे का तुला?"

"गुडघा दुखतो."

"बस मग."

सेत्तिमिओने डावीकडून एकेक पट्टी दाबत नेली. खालच्या सगळ्या ठणठणीत. वरच्या बारा, लागोपाठ, ठार. दर आठवी पट्टी गेली असती तर त्या पट्ट्यांची विजेची सामायिक वाट तुटली असं धरता आलं असतं. हे तसं नव्हतं. त्याने झाकण उघडलं, पट्टीफलक उलटा केला, धूळ फुंकली. लाकडी काडीने पहिल्या मुक्या पट्टीची तार दांडीवर टेकवली, आणि सूर निघाला. स्वच्छ, कोवळा, जत्रेच्या दिवशी निघायला हवा होता तसा. म्हणजे आतलं सगळं शाबूत. तार तेवढी दांडीपर्यंत पोचत नव्हती.

त्याने स्पिरिटमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी तार आणि दांडीमधून ओढली. मळ निघाला, फरक पडला नाही. मग त्याने भिंग डोळ्याला लावलं.

त्याने एकेक तार निरखली. उबाल्दो गुडघा चोळत राहिला.

तारेच्या टोकाचं सोनं गेलं होतं. झिजून नव्हे, खरवडून. तीन रेघा, तिरप्या. शेजारच्या तारेवर तीन. तिच्या शेजारी तीन. बाराही तारा खरवडून बारीक झालेल्या, आणि दाबामुळे जराशा मागे वाकलेल्या. थोडा वेळ टेकल्या असतील. तासभर वाजवल्यावर ढिल्या पडल्या असतील. लहानपणी उबाल्दोच्या बाकापाशी दिवा धरून उभा राहायचा तो. त्या रेघा ओळखायला त्याला भिंगाचीही गरज नव्हती.

"जत्रेच्या दुपारी वाद्य तुझ्यापाशी ठेवून मी न्हाव्याकडे गेलो होतो," सेत्तिमिओ म्हणाला.

उबाल्दोने नाकारलं नाही. "एक पट्टी अडखळत होती. तुला सांगितलं असतं तर घाबरला असतास. मी तिची तार जरा खरवडली. चकचकीत झाली, लगेच वाजली."

"एक ना? मग बारा कशा?"

"एकच जीभ लावून सोडत नाही कोणी. शेजारच्या सारख्या कराव्या लागतात. नाहीतर एक वेगळी वाजते. हे तुला मी सांगायचं?"

"ह्या जिभा नव्हत्या."

"मला कुठे माहीत होतं? बरं करायला गेलो होतो मी, लेका. आपल्या आईची शपथ."

"बरं करायला गेलास, ते मी धरून चालतो," सेत्तिमिओ म्हणाला. भिंग त्याने पुसून डबीत ठेवलं. "मुकादम ओरडला तेव्हा तू कुठे होतास?"

"तिथेच. तुझ्या मागे."

"आणि नंतर?"

उबाल्दोने टोपी गुडघ्यावर फिरवली. "नंतर काय बोलणार होतो? उबाल्दोने भावाचं वाद्य बिघडवलं म्हटल्यावर अकॉर्डियन कोण देणार होतं माझ्याकडे? दोन पोरं होती माझी. तुला तर कोणी नव्हतं तेव्हा. म्हटलं, हसतील चार दिवस, विसरतील."

"मला मुका म्हणतोस तू. आजही म्हणतोस. कॉफीच्या दुकानात, सगळ्यांसमोर."

"सगळेच म्हणतात. सवयीचं झालं." मग त्याने मान वर केली. "आता सांगून तरी काय? हसणारे अर्धे दफनभूमीत आहेत. ते सोड. होईल ना दुरुस्त? पोर वाट बघतेय."

सेत्तिमिओने पट्टीफलक सरळ केला, त्यावर फडकं टाकलं, आणि म्हणाला, "बुधवारी होईल, नव्या तारा घालून देतो. न्यायला पोरीला पाठव, तू येऊ नकोस. आणि मी आधी गेलो तर भिंतीवरच्या कागदावर माझ्या नावाखाली काय छापायचं, ते छापखान्यात जाऊन तूच सांग. तू आधी गेलास, तर तुझ्या नावाखाली 'कान' नाही, दुसरं काय छापायचं ते मी ठरवलंय."