शांतासुराचा रिकामा फुगा

रविवारची दुपार. तीन वाजायला आलेत. चित्रकथेचं बारावं पान मांडीवर घेऊन मी आरामखुर्चीत बसलोय. पाच वाजता मिरजेच्या आमच्या बालवाचनालयात मुलांचं प्रदर्शन उघडायचं आहे, आणि ज्या मुलीने या पानावरचा खलनायक काढला, तिने काल शेजारणीबरोबर निरोप धाडलाय : "सरांना सांगा, माझी पानं परत द्या. मी पुन्हा चित्र काढणार नाही."

आफरीन मुल्ला. वय वर्षं अकरा. पन्नास वर्षं मुलांना शिकवतोय, पण असा हात मी दुसरा पाहिलेला नाही.

बघता बघता पानावरच्या चौकटी हलू लागतात. वर पंखा फिरतोय. मग लक्षात येतं, तो फिरतोय, पण त्याचा आवाज येत नाही.

"झोपलात होय सर? पाच वाजता प्रदर्शन, आणि हे बघा, डोळे मिटून बसलेत!"

समोर सतरंजीवर मांडी घालून आरवाडे बाई बसल्यात. सांगलीच्या शाळेतल्या आरवाडे बाई. त्यांना जाऊन महिना झाला, हे मला माहीत आहे. तरी मी उठून म्हणतो, "या की बाई. चहा टाकू?"

"टाका. साखर आता कितीबी चालतीय मला."

तुम्हाला सांगायला हवं, चित्रकथेची कल्पना त्यांचीच. त्यांच्या सांगलीच्या मुलांची नायिका हळदक्का. मूठभर हळद उधळून ती शत्रूला आंधळं करते आणि तीच हळद लावून जखमा भरते. माझ्या मिरजेच्या मुलांचा नायक तुंबावीर. त्याचं पोट तंबोऱ्याच्या भोपळ्याएवढं, त्यावरची तार छेडली की भिंती हादरतात. दोन वर्षं दोघं आपापल्या वहीत सुखाने लढत होते. मग बाई म्हणाल्या, दोघांना एका गोष्टीत आणू. दोघांना पुरून उरेल असा खलनायक हवा होता. तो आफरीनने दिला : शांतासुर, जगातले आवाज चोरणारा.

बाईंचा एक नियम होता. ज्याने पात्र काढलं, त्यानेच त्या पात्राच्या संवादाच्या फुग्यात शब्द लिहायचे. अकरा पानं झाली, शांतासुराचे फुगे रिकामेच. मग बाई गेल्या, आणि बाराव्या पानावरचा फुगा मी भरला. निळ्या शाईच्या पेनाने. 'हा हा हा! आता जगावर माझंच राज्य!' आफरीनने ते वाचलं, रंगपेटी मिटली आणि निघून गेली. त्याला तीन रविवार झाले.

"मुलं भांडत होती बाई," मी म्हणतो. "तुमची सांगलीची म्हणत होती, हा वेडा आहे. माझी म्हणत होती, याला राजा व्हायचंय. कोणीतरी ठरवायला नको?"

"आणि तुम्ही ठरवलंत."

"खलनायकाला कारण लागतं ना ओ."

"लागतंय की. पण तुम्ही दिलंत ते कारण कुठंय? ते नुसतं हसणं झालं. उठा, चला. वेळ नाही."

खोलीची भिंत म्हणजे चित्रकथेचं पहिलं पान आहे. चौकटीची काळी रेघ उंबऱ्याएवढी उंच. बाई निऱ्या धरून ती ओलांडतात, मागोमाग मी. आत मिरजच आहे, पण पेन्सिलीची. वरात चाललीय, टेंपोवर डीजेच्या पेट्या रचल्यात. समोर शांतासुर पाठमोरा उभा आहे. उंच, काटकुळा, सुपाएवढे कान. तो हात पुढे करतो आणि डीजे गप्प होतो. माणसं नाचतच राहतात.

"हे पहिलं. पुढं काय चोरलं?"

मुलांना फळ्यापाशी उभं करून मी विचारतो, तशा त्या मला विचारतायत. मी बोटांवर मोजतो. "ट्रकचा हॉर्न. मग रिक्षा. भाजीवाल्याची हाळी. मिक्सर. कुकरची शिट्टी."

मी एकेक नाव घेतो आणि तो तो आवाज गावातून जातो. रस्ता चालू आहे, तोंडं उघडतायत, मिटतायत. माझ्या चपलाही वाजत नाहीत. मला भीती वाटू लागते.

"बाई, परत जाऊ या."

"अजून उत्तर कुठं दिलंत? त्यानं कुणाला मारलं?"

"नाही."

"काय फोडलं?"

"काही नाही. दहाव्या पानावर घड्याळाची टिकटिक घेतली, घड्याळ भिंतीवरच ठेवलं."

आता आम्ही, बाई शेवटी होत्या त्या दवाखान्याच्या लांब बोळातून चाललोय. याच बाकावर बसून मी बाईंना शेवटचं मोसंबं सोलून दिलं होतं. त्या बाकाकडे बघतही नाहीत.

"मग मला सांगा, ज्याला राज्य करायचंय तो सुरुवात कुठनं करतोय?"

"लहानापासून. आधी गल्ली, मग गाव, मग..." मी थांबतो.

"बोला की. आणि हा?"

"हा उलटा चाललाय. मोठ्या आवाजाकडून लहान आवाजाकडे."

"का?"

त्यांचे ओठ हललेले मला दिसतात, पण 'का' अर्धाच पोचतो. बोळाच्या टोकाशी शांतासुर उभा आहे, हात पुढे करून. आता तो बाईंचा आवाज घेतोय! मी धावत सुटतो. सोड, बाईंना सोड, असं ओरडतो, पण माझ्या गळ्यातून काहीच निघत नाही. एवढा मोठा बोळ, आणि त्यात माझं काळीजसुद्धा ऐकू येत नाही.

बाई माझ्या कानाशी तोंड आणतात. "ओरडू नका त्याच्यावर. बघा, तो काय करतोय."

मी बघतो. त्याची मान तिरकी आहे. हात कानामागे. तो काहीतरी ऐकायचा प्रयत्न करतोय.

बोळाचं शेवटचं दार उघडतं. ही आफरीनच्या घरातली खोली. मंगळवारी तिची समजूत काढायला मी इथे आलो होतो. कॉटवर तिचे आजोबा होते, छातीपर्यंत चादर. बाहेर लग्नाच्या मांडवात स्पीकर दणाणत होते. मी दारातूनच मोठ्याने म्हणालो, "अगं, एवढा कसला राग?" तिने माझ्याकडे न बघता तळहात वर केला : गप्प. मला ते उद्धटपणाचं वाटलं. मी आल्या पावली परतलो.

आता तीच खोली आहे, बिनआवाजाची. आफरीन आजोबांच्या छातीला कान लावून बसलीय. शांतासुर दारातून वाकून आत येतो, गुडघे टेकतो आणि आपला भला मोठा कान तिच्या कानाशेजारी ठेवतो. काहीच येत नाही. आणखी थोडा वेळ काहीच येत नाही.

मग येतो एक श्वास. बारीक, फाटक्या भात्यासारखा. त्यानंतर मोठी फट. मग दुसरा.

"बाई, कळलं!" माझा आवाज परत आलाय. "त्याला राज्य नको. याच्यासाठी तो सगळं जग गप्प करत होता!"

आणि माझा हात खिशात जातो. पेन बाहेर येतं. मला फार सुंदर वाक्य सुचलंय, या वेळी अगदी बरोबर वाक्य. बारावं पान मी कॉटच्या कडेवर पसरतो.

बाई माझं मनगट धरतात. हाड दुखेल इतकं घट्ट.

"परत?"

"पण हे खरं आहे ना?"

"असंल, नसंल. तुमचा अंदाज हाय तो. पोरीला विचारलंत?"

मी पेनाला टोपण लावतो.

"मी पण नव्हतं विचारलं. तिची ती सांगंल म्हणून वाट बघत होते. माझी वाट बघायची संपली सर. तुमची कुठं संपलीय?"

त्या पर्समधून अर्धं ब्लेड काढून माझ्या हातात देतात. पान दोन्ही बाजूंनी ताणून धरतात. मी खरवडतो. सगळ्या जगात तेवढाच आवाज, खर्र, खर्र. पहिला 'हा' जातो. दुसरा जातो. 'राज्य' निघता निघत नाही. मी कागदावर वाकतो, घाम पुसतो, पुन्हा खरवडतो.

"नीट धरा बाई, फाटेल."

कागद सैल पडतो.

पंखा घरघरतोय. साडेतीन वाजलेत. बारावं पान माझ्या मांडीवर आहे आणि फुग्यात एक अक्षर नाही. तिथला कागद इतका झिजलाय की खालचं बोट दिसतं. धोतरावर निळसर भुकटी सांडलीय. मी उठून सगळे खण उघडून बघतो. या घरात ब्लेड नाही. दाढी मी वर्षानुवर्षं सलूनमध्ये करून घेतो.

पान घेऊन मी आफरीनच्या घरी जातो. दार उघडंच आहे. मी हाक मारत नाही. ती बघेपर्यंत उभा राहतो. बऱ्याच वेळाने ती कॉटपासून उठते, दाराशी येते, माझ्या हातातलं पान घेते.

"कुणी खोडलं?" ती हळू विचारते.

"आम्ही दोघांनी."

दुसरं कोण, हे ती विचारत नाही.

"माझं चुकलं, बेटा," मी तितकंच हळू म्हणतो. "तुला विचारायचं राहिलं होतं. याला काय हवंय गं?"

ती पान उजेडात धरते. झिजलेल्या जागेवरून अंगठा फिरवते, एकदा, दोनदा. आत आजोबा खोकतात. ती तिकडे बघते, मग पुन्हा कागदाकडे.

"इथं पेन नाही चालायचं सर, फाटेल," ती म्हणते. "पेन्सिल आणते. बसा."