खिडकीची खोली

काल ट्रंक उपसताना सासऱ्यांची लष्करातली लोकरीची टोपी हाताला लागली. तिला अजून गाळाचा वास येतो. त्या पावसाळ्यात आमचं लग्न नुकतंच झालं होतं आणि मधुचंद्राला नॉर्वेच्या किनाऱ्यानं जहाजातून जायचं ठरत होतं. सांगलीजवळच्या आमच्या गावी, माडीवर बसून नवरा लॅपटॉपवर जहाजातल्या खोल्या दाखवत होता. बिनखिडकीची स्वस्त पडेल, असं मी म्हणाले. "पाणी बघायलाच चाललाय न्हवं? मग खिडकीचीच घ्या," सासरे म्हणाले, आणि तिकडं थंडी लय म्हणून ही टोपी त्यांनी मला दिली. बाहेर पावसाची झड थांबत नव्हती. कृष्णेचं पाणी आधी अंगणात आलं, मग जिन्यावर, आणि शेवटी आम्हाला न्यायला आलेली रबरी बोट त्याच माडीच्या खिडकीला लागली. सासऱ्यांनी दोन्ही म्हशी गच्चीवर चढवल्या होत्या. "मुकी जनावरं टाकून कुठं येऊ? तुमी व्हा म्होरं, मी पुढल्या खेपंला येतो." बोटीत उतरताना मी टोपी त्यांच्या हातात परत दिली, "आबा, डोकं तरी झाका." पाण्याची ओढ वाढली आणि पुढची खेप सकाळीच झाली. म्हशी गच्चीवर उभ्या होत्या, आबा नव्हते. माडीवर चढवून ठेवलेली वैरण काढायला ते रात्री जिना उतरले असणार. पूर ओसरल्यावर टोपी जिन्याखालच्या गाळात सापडली आणि ते नदीकाठच्या उसात. जहाजाचा विषय आम्ही पुन्हा काढला नाही. अजूनही कुठं मुक्कामाला गेलो की नवरा आधी खिडकी उघडतो, खाली जमीन आहे ना ते बघतो, आणि मगच बॅग आत घेतो.