पूजेत ठेवलेली गिटार

ज्याच्याशी माझ्या आतेभावाचं भांडण झालेलं नाही असा माणूस म्हैसुरात अजून जन्माला यायचा आहे, आणि भांडण झाल्यावर ज्याला त्याने घरी नेऊन कॉफी पाजली नाही असाही. आमचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत घोडेस्वार होते. लढाया संपल्या, घोडे गेले, आम्ही सगळे कारकून आणि मास्तर झालो. लढायची खुमखुमी मात्र सगळीच्या सगळी या एकाच्या वाट्याला आली. रस्त्यावरचं झाड तोडायला आलेला मुकादम असो, देवळाचा विश्वस्त असो, की मत मागायला आलेला कुठल्याही पक्षाचा कार्यकर्ता असो, हा दारातच त्याला धरायचा. माझ्या लग्नात तर त्याने पंगत अडवून धरली. वाढप्यांनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही असं त्याला कळलं होतं. शेवटी वाढपी पानावर बसले आणि माझे सासरे, हातात सांबाराची बादली घेऊन, त्यांना वाढत होते. त्यांनी ते मला अजून विसरू दिलेलं नाही.

छापखान्यातली नोकरी हा त्याचा नुसता उदरनिर्वाह. त्याचा जीव होता तो त्याच्या रॉक बँडमध्ये. बोगादीतल्या घराच्या गच्चीवर तालीम चाले. हा गिटार वाजवी आणि गाई. शहराबाहेर कडकोळच्या कारखान्यात पाळी करणारा एक मित्र ड्रमवर, आणि जयलक्ष्मीपुरमच्या एका कॉलेजात शिकवणारा दुसरा बास गिटारवर. गाणी कन्नड. तळी बुजवणारे, माणसाला गटारात उतरवणारे, निवडणुकीत साड्या वाटणारे, कोणालाही सोडलेलं नसे. हा डोळे मिटून, मानेच्या शिरा फुगवून गायला लागला की शेजारी खिडक्या लावून घेत, पण चाली मात्र त्यांच्याच पोरांच्या तोंडी असत.

बँडला एकच नियम, आणि तो अर्थातच यानेच केलेला: जे गातो तसंच जगायचं. त्यामुळे तालीम थोडी आणि नंतरची बैठक लांबलचक. बैठकीत प्रत्येकाने दुसऱ्याच्या चुका तोंडावर सांगायच्या. एकदा ड्रमवाल्याने आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, आपल्या ड्रमवर कुंकू लावलं. कारखान्यात सगळी यंत्रं पुजतात, त्या ओघात त्याने ड्रमही पुजला. "घामानं वाजतो तो. कुंकवानं वाजत नाही," असं म्हणून याने त्याला ते पुसायला लावलं. त्या बिचाऱ्याने शर्टाच्या टोकाने मुकाट्याने पुसलं. बैठक संपल्यावर त्याची बस चुकू नये म्हणून यानेच त्याला स्कूटरवरून थेट कडकोळपर्यंत सोडलं, आणि वाटेत इडलीही खायला घातली.

गेल्या वर्षी खंडेनवमीला आम्ही सगळे नेहमीप्रमाणे आत्याकडे जमलो होतो. आत्याची दृष्टी आता अधू झाली आहे. लेकाच्या गिटारला ती आजवर 'डबडं'च म्हणत आली होती आणि 'मुलगा काय करतो' असं कोणी विचारलं तर विषय बदलत होती. त्या दिवशी पाटावर खापरपणजोबांची तलवार ठेवून झाली, काकांचा टाइपरायटर ठेवून झाला आणि ती म्हणाली, "तुझं आयुध कुठं रे? ते गिटार आण की. सुम्ने, उगीच वाद घालू नको."

त्याने वाद घातला नाही. मी चाटच पडलो. त्याने गिटार आणली, आत्याने चाचपडत तारांना हात लावला, हळदकुंकू वाहिलं, शेवंतीचं फूल ठेवलं.

आता पूजेत ठेवलेलं आयुध दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही, हा आमच्या घरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. आणि त्याच संध्याकाळी झाडूवाल्यांच्या संपासाठी बँडचा कार्यक्रम होता. दुपारी दोघे मित्र त्याला न्यायला आले आणि पाटासमोर थबकले. बासवाला म्हणाला, कॉलेजातल्या पोराची गिटार मागून आणतो.

"नको. आईनं आज पहिल्यांदा हिला माझं आयुध म्हटलंय. ही मी उचलणार नाही," माझा आतेभाऊ म्हणाला. "आणि ही इथं पूजेत ठेवून दुसरी घेऊन तिथं गायचं, म्हणजे दोन्हीकडं खोटं."

ड्रमवाला त्या कुंकवाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "बिडु, माराया, सोड. अम्मांनी लावलंय, राहू दे." दोघे गेले, जमेल तसं वाजवून आले. झाडूवाल्यांनी टाळ्याही वाजवल्या म्हणे.

पुढच्या बैठकीत याने स्वतःवरच आरोप ठेवला. ड्रमवाला म्हणाला, माफ केलं, विषय संपला. बासवाला म्हणाला, मुळात चूकच नाही. पण हा ऐकेना. "याचं कुंकू मी पुसायला लावलं आणि माझं ठेवलं. आता कुठल्या तोंडानं गाऊ?" दोघांनी हातापाया पडून पाहिलं. त्याने बँड सोडला, आणि त्याच्यावाचून त्या दोघांनाही वाजवावंसं वाटेना. सरकारविरुद्ध गाणारे बँड का फुटतात, यावर म्हैसुरातली कॉलेजची मुलं हल्ली हिरिरीने बोलतात. कोणी पोलिसांचं नाव घेतं, कोणी पैशाचं. मी काही बोलत नाही. मला मनापासून वाईट वाटतं, आणि सांगितलं तरी कोणाला खरं वाटणार नाही.

तिच्या कुंकवापायी बँड मोडला हे आत्याला तर कळताच कामा नये. परवा मी गेलो होतो तेव्हा तो तिच्या पायांना तेल चोळत बसला होता. आत्या म्हणाली, "तुझे दोस्त येईनात आता. गाणं का रे बंद केलंस?"

त्याने तळहातावर आणखी तेल घेतलं. "सरकारनं बंद केलं, आई," तो म्हणाला.

आत्या भडकली. मराठीत आणि कन्नडमध्ये तिने सरकारचा जो उद्धार केला तो त्याच्या कुठल्याही गाण्यापेक्षा सरस होता. आयुष्यभर सरकारविरुद्ध फक्त खरंच बोललेला माझा आतेभाऊ मान खाली घालून तिच्या टाचेला तेल चोळत राहिला.