न समजता ‘येस’ म्हणायचं नाही

मालतीबाईंच्या रावपुऱ्यातल्या इंग्रजी संभाषण वर्गात मी प्रथम गेलो तो मोठ्या तोऱ्यात. परदेशी यंत्रं आणणारे कारखाने बडोद्याभोवती धडाधड निघत होते आणि माझं इंग्रजी फक्कड आहे, असा माझा समज होता. बाई माझ्याकडे पाठ करून बसल्या आणि दोन मिनिटं बोलल्या. ‘पुट ऑफ’, ‘गेट बाय’, ‘रन आऊट’... शब्द सगळे पहिलीतले, अर्थ एकाचाही लागेना! मी आपला ‘येस, येस’ करत राहिलो.

“काय कळलं?”

“काही नाही, बाई.”

“मग येस कशाला म्हणालास? मोठ्या माणसापुढे मान डोलवायची आपली खोड आहे ही. मोड ती.”

बाई असल्या क्रियापदांची यादी कधीच पाठ करून घेत नसत. कोण कुणाला, कशासाठी म्हणतंय ते ऐका, म्हणत. पाठीला पाठ लावून, फोनवर असल्यासारखे आम्ही बोलायचो. अडलं की तिथल्या तिथे ‘समजलं नाही’ म्हणायचं. मला त्याची भारी लाज वाटे.

पुढे कारखान्यात लागलो. नव्या वाफेच्या टाकीची चाचणी चालू होती. परदेशी इंजिनियर फोनवरून सूचना देत होता. केबिनच्या काचेतून समोर आमचे फिटर रमणभाई दिसत होते. शिडीवर, हातात पाना, झाकण उघडायच्या तयारीत. माझ्या खुणेची वाट पाहत होते. पलीकडून ‘ब्लीड ऑफ’ असं काहीतरी आलं. मला घाम फुटला.

“हा कही दे ने, भाई!” ‘हो’ म्हणून टाक, असं मॅनेजर खेकसले.

मी म्हणालो, “आय डिड नॉट अंडरस्टँड.” मॅनेजरांनी कपाळावर हात मारला. मी पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा तो सावकाश म्हणाला, आतली वाफ आधी सोडा, तोवर झाकणाला हात लावू नका.

“रमणभाई, हाथ ना लगाडता!” मी जिवाच्या आकांताने ओरडलो.

संध्याकाळी शाबासकी घ्यायला बाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “त्याआधी किती वेळा येस म्हणालास?”

“दोनदा,” मी म्हणालो, आणि तेव्हा ध्यानात आलं, की त्या दोन सूचना काय होत्या ते मला ठाऊकच नव्हतं.

बाईंना ताप होता. तरी त्या तशाच उठल्या, मला कोपऱ्यावरच्या आयएसडी बूथवर घेऊन गेल्या आणि शेजारी उभ्या राहिल्या. मी त्या इंजिनियरला फोन लावून दोन्ही सूचना पुन्हा विचारल्या. पहिली किरकोळ निघाली. दुसरी अशी, की सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये वाहतुकीपुरती घातलेली खुंटी काढल्याशिवाय टाकी पूर्ण दाबाने चालवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खुंटी न काढताच टाकी पूर्ण दाबाने चालवणार होतो. टाकीशी रमणभाईच असणार होते.

बाई मला रागावल्या नाहीत. “आता बरोबर विचारलंस,” म्हणाल्या, आणि घरी जाऊन निजल्या.

आज बाईंना पंचाहत्तरावं वर्ष लागलं. त्यांना उत्तम आरोग्य आणि उदंड आयुष्य लाभो, ही प्रार्थना मी दोघांच्या वतीने करतो. रमणभाई पाणीगेटला नातवंडांत सुखात आहेत, आणि बाई कोण हे त्यांना आजही माहीत नाही.